सॉफ्टबॉक्स घेताय? आधी साइझ बघा!

‘अगं, यात मी आजारी दिसतेय!’ कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघून आईने नाक मुरडलं. साठीचा फोटो, आणि कपाळावर फ्लॅशचा चकाकणारा डाग! चूक माझीच. स्वस्त मिळाला म्हणून ४० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स उचलला, आणि ठेवला दोन मीटर लांब. एवढ्या लांबून तो चेहऱ्याला उघड्या दिव्यासारखाच की!

तर दोस्तहो, ब्रँडच्या मागे धावू नका. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटसाठी ९० सेंटिमीटरच्या आसपासचा बॉक्स घ्या आणि फ्रेममध्ये न येता जमेल तितका जवळ, मीटरभरावर ठेवा. उजेड मऊ होतो तो यानेच. आत दुसरा पांढरा पडदा आहे ना, हे दुकानातच उघडून बघा. त्याने मधला झगझगीत ठिपका विरतो. स्टुडिओ लाइट असेल तर माउंट ‘बोवेन्स’ घ्या. ती ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचा माउंट आजही कितीतरी स्वस्त लाइट्सवर असतो. उद्या लाइट बदललात तरी बॉक्स तोच!

परवा मित्राचा मोठा बॉक्स मागून आणला, आईला पुन्हा बसवलं. फोटो बघून ती एवढंच म्हणाली, ‘हा फ्रेम करून आण.’