तापी : हिरो की फिक्सर?

तुमच्या लाडक्या क्लबला युरोपचा कप मिळवून देणारा मालकच मॅच फिक्सिंगमध्ये अडकला, तर त्याला काय म्हणाल? मार्सेचे फॅन्स यावर अजूनही भांडतात.

बर्नार्ड तापी यांनी १९८६मध्ये क्लब घेतला. २६ मे १९९३ला मार्सेने मिलानला १-०ने हरवलं, चॅम्पियन्स लीग जिंकली. पण सहाच दिवस आधीच्या लीग मॅचमध्ये आपले खेळाडू फायनलसाठी ताजेतवाने राहावेत, म्हणून व्हॅलेन्सिएनच्या खेळाडूंना पैसे चारले होते. नोटा चक्क बागेत पुरलेल्या सापडल्या! फ्रेंच लीगचं विजेतेपद काढून घेतलं, क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला, तापी तुरुंगात. युरोपचा कप मात्र राहिला.

ऑक्टोबर २०२१मध्ये तापी गेले. शवपेटी वेलोड्रोम स्टेडियमवर आणली, तेव्हा चाहत्यांची रीघ लागली. ते प्रेम खोटं नाहीच. कप सगळ्या शहराचा होता.

पण लाच नाकारून तोंड उघडणारा व्हॅलेन्सिएनचा जॅक ग्लासमन? त्याची मैदानांवर हुर्यो उडवली गेली. चोरी करणाऱ्याला हार आणि सांगणाऱ्याला शिव्या, हे कसं चालेल? तापींना जरूर आठवा; पण ग्लासमनला वगळून नको. नाहीतर तो वारसा अर्धाच राहतो, बॉस!