बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स की कॉल ऑफ ड्यूटी? स्किन घेण्याआधी हे वाचा

शूटर गेम निवडताना ग्राफिक्स आणि पिंग आपण बघतोच. पण भारतात अजून एक गोष्ट बघावी लागते, गेम उद्या स्टोअरवर असेल का?

आठवून बघा. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. जुलै 2021 मध्ये क्राफ्टनने बीजीएमआय आणला. साधारण वर्षभरानंतर तोही स्टोअरवरून गायब झाला आणि मे 2023 मध्ये परतला, तोही आधी तीन महिन्यांच्या चाचणीवर. फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला.

खेळायला तिन्ही मस्त. बीजीएमआयमध्ये 100 जणांची लांबलचक मॅच, फ्री फायर मॅक्समध्ये साधारण 50 जण आणि पटकन निकाल, कॉल ऑफ ड्यूटीमध्ये पाच विरुद्ध पाचची झटापट.

पण यूसी किंवा डायमंड्स टाकून घेतलेली स्किन तुमच्या मालकीची होत नाही. कंपनी फक्त ती वापरू देते. गेम बंद झाला तर पैसे परत मिळतीलच असं नाही.

म्हणून खेळा बिनधास्त, पण पैसे टाकताना सिनेमाचं तिकीट काढतोय असं समजा. आणि गेस्ट लॉगिनवर खेळत असाल, तर अकाउंट आजच लिंक करून टाका.