डिपर देऊनही डोळे दिपतात

दिवाळीच्या सुट्टीत मीही जुन्या गाडीचे हॅलोजन काढून एलईडी बल्ब बसवले. पांढराशुभ्र उजेड पाहून मन हरखलं. आठवड्याभरात मलकापूरहून बोदवडला येताना समोरचा मोटारसायकलवाला कच्च्यात उतरला, कापसाच्या बैलगाडीला धडकता धडकता वाचला. मी तर डिपरवरच होतो! थांबलो. "सर, काहीच दिसलं नाही हो." माझ्याच विद्यार्थ्याचे वडील.

मग जरा समजून घेतलं. एच-४ हॅलोजनमध्ये दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची, डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. त्यामुळे उजेड आरशाच्या वरच्याच भागावर पडून खाली रस्त्यावर येतो. आरसा बेतलेला असतो त्या तारेच्या जागेवर. एलईडीचा ठिपका जरा इकडेतिकडे झाला की झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. कंपनीतूनच एलईडी दिवा आला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरसाही त्याच हिशोबाचा असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम म्हणतो, ८ मीटरवरच्या, १.५ मीटर उंचीच्या डोळ्यांना दिवा दिपवता कामा नये. हायवेवर हे मोजतो कोण?

रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग, असं वर्गात सांगणारा मीच.

हॅलोजन परत बसवले. पिवळी पडलेली काच घासून घेतली, तेवढ्यानेच उजेड बराच वाढला. एक सहकारी ते एलईडी अर्ध्या किमतीत मागत होते. दिले नाहीत.