बालकांतील सेप्सिस : रक्तचाचणीची कसोटी गावात

भिलाई – पोलादनगरी भिलाईच्या सेक्टर ९ मध्ये जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. मात्र छत्तीसगडच्या अंतर्भागातील आजारी मूल अशा मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुमोल तास निघून गेलेले असू शकतात. संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागतात, त्या सेप्सिसच्या अवस्थेत हे तासच निर्णायक ठरतात. एका जागतिक अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे २९ लाख बालकांचे मृत्यू सेप्सिसशी निगडित होते.

कोणते मूल खालावणार, हे आधी कळावे म्हणून संशोधकांचे लक्ष रक्तवाहिन्यांच्या वाढघटकांकडे वळले आहे. अँजिओपोएटिन-१ हा घटक रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर सांधून ठेवतो. अँजिओपोएटिन-२ मात्र अस्तराच्या पेशींमध्येच साठवलेला असतो आणि दाह सुरू होताच बाहेर पडून ते सैल करतो. मग द्रव पाझरू लागतो, रक्तदाब उतरतो, फुप्फुसांत पाणी साचते. ‘व्हीईजीएफ’ हा तिसरा घटकही वाहिन्यांची पारगम्यता वाढवतो.

सेप्टिक शॉकमधील बालकांत अँजिओपोएटिन-२ वाढलेले व अँजिओपोएटिन-१ घटलेले असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. तथापि हे घटक जंतूंची नव्हे, तर वाहिन्यांना पोहोचलेल्या इजेची साक्ष देतात. इतर गंभीर आजारांतही ते वाढू शकतात. शिवाय नवजात बाळात वाहिन्यांची घडण चालूच असल्याने त्यांची मूळ पातळीच निराळी असते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘फिनिक्स’ या बालसेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय निकषांत श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया व मेंदूचे कार्य यांचा विचार आहे. अँजिओपोएटिनला त्यात स्थान नाही.

येथे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांच्या सेप्सिसची लक्षणे ओळखण्यास शिकविले. त्यांच्या अनुभवातून पुढे सात लक्षणांची यादी सिद्ध झाली. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार लागणे यांसारख्या सातांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, की सेप्सिस समजावयाचा. घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोल दिले गेले. उपक्रमापूर्वी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांमागे सुमारे सतरा दगावत. ते प्रमाण तीनच्या आत आले. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाही बाळाचे रक्त प्रयोगशाळेत न पाठविता हे साधले, याची नोंद घ्यावयास हवी.

याचा अर्थ नवे निदर्शक निरुपयोगी आहेत, असा नव्हे. लक्षणांवरून निदान करताना सेप्सिस नसलेल्या काही बाळांनाही प्रतिजैविके दिली जातात. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बाळांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेक औषधांना न जुमानणारे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळले होते. औषध कोणास टाळता येईल, याचे उत्तर अँजिओपोएटिन बहुधा देणार नाही. कोणत्या मुलाला तातडीने अतिदक्षता विभागात हलवावे, हे मात्र ते सांगू शकेल.

त्यासाठी ही चाचणी बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि काही मिनिटांत व्हावयास हवी. छत्तीसगडमध्ये २००२ पासून गावोगावी मितानिन कार्यरत आहेत. चाचणीची तुलना त्यांच्या नजरेला पडणाऱ्या लक्षणांशी केली गेली पाहिजे. केवळ अतिदक्षता विभागात आधीच दाखल झालेल्या मुलांवर ती यशस्वी ठरणे पुरेसे नाही.