गणित अडले म्हणून हुन्नर अडू देऊ नका



दहावीचा निकाल लागला, की गावात दोन तऱ्हेची घरे दिसतात. एका घरी पेढे, दुसऱ्या घरी अबोला. अबोला असलेल्या घरी बहुधा गणित नाही तर इंग्रजी आडवे आलेले असते. मग वडील म्हणतात, "जाऊ द्या, याच्या नशिबी नांगरच." विहिरीवरचे इंजिन खोलून पुन्हा जोडणारा पोरगा खाली मान घालून बसतो. आईला वाटते, आता याला कारखान्यात कोण उभे करणार?

म्हणून आज शिकाऊ उमेदवारीबद्दल, म्हणजे अप्रेंटिसच्या कामाबद्दल बोलू.

आपल्या देशात 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलीला कारखान्यात शिकाऊ म्हणून घेता येते. धोक्याच्या कामाला मात्र अठरा वर्षे पुरी लागतात. शिकण्याच्या काळात दरमहा विद्यावेतन मिळते. पण शिक्षणाची अट सगळ्या कामांना सारखी नाही, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते.

आयटीआयचेच घ्या. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक या कामांना दहावी पास लागते, तीही गणित आणि विज्ञान घेऊन. इंग्रजीची अट तिथे वेगळी लिहिलेली नसते. पण आपल्याकडे दहावीला बहुतेक मुलांना इंग्रजी असतेच, म्हणजे दहावी पास व्हायचे तर तेही सुटावे लागते. उलट वायरमन, वेल्डर, शिवणकाम यांना आठवी पास चालत आली आहे. तेव्हा दहावी अडली म्हणजे सारी दारे बंद झाली, असे नाही. त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका जवळच्या आयटीआयमधून आणा आणि आपल्या कामासमोर काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. सांगोवांगी ऐकून निर्णय करू नका.

आता तुम्ही विचाराल, हात चालतो तर गणित हवेच कशाला?

कडबाकुट्टीचे उदाहरण घ्या. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते. तिची पुली 4 इंची, यंत्राची 8 इंची. मग यंत्र किती फिरेल? 1440 ला 4 ने गुणा, 8 ने भागा, 720 फेरे. यंत्राला 480 च फेरे हवे असतील, तर पुली 12 इंची बसवावी लागेल. हे साधे त्रैराशिक ज्याला येत नाही, तो अंदाजाने पुली बसवतो आणि यंत्र भलत्याच वेगाने पळते. अशा यंत्रापाशी हात घालणारा माणूस आपल्याच घरातला असतो. कारखान्यात तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत माप घेतात. तिथे दशांश अपूर्णांक चुकला की घडवलेला भाग भंगारात जातो. म्हणून आयटीआयमध्येही कामाचे गणित शिकवतातच. अट पोरांना छळण्यासाठी घातलेली नाही.

इंग्रजीचेही तसेच. फर्डे बोलायला नको. पण मोटरीवरची पाटी, यंत्राचे नकाशे आणि धोक्याच्या सूचना वाचता आल्या पाहिजेत. शिवाय उमेदवारीचा करार होतो. मुलगा अज्ञान असेल, तर पालकाला सही करावी लागते. तो कागद इंग्रजीत असला, तर जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ समजून घ्या. मुदत किती, विद्यावेतन किती, राहण्याची सोय कोणाची, हे विचारा. उमेदवारी संपली की नोकरी मिळेलच, असे कायदा सांगत नाही. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

मग करायचे काय? एक-दोन विषय राहिले असतील, तर जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. तिचा फॉर्म वेळेत भरा आणि तेवढे दिवस पोराला पेरणीच्या कामातून मोकळे ठेवा. हे जड जाते, ठाऊक आहे. पण एका हंगामाचा एक हात आणि जन्माचा धंदा यांची तुलना करून पाहा. पुन्हा परीक्षेची तयारीच नसेल, तर आठवीवर चालणारे काम धरा. आठवीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पुरा करणाऱ्याला तो अभ्यास जमेस धरून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत पुढे दहावीही गाठता येते. वाट लांबची खरी, पण बंद नाही.

आणि हे फक्त मुलांसाठी नाही. मुलगी हुशार असून तिचे गणित राहिले, तर लगेच स्थळे बघायला निघू नका. तिलाही पुरवणी परीक्षा आहे, आयटीआय आहे.

घरी एक करा. रोज जेवणानंतर अर्धा तास पोराला हिशेबाला बसवा. पण पुस्तकातला हौद त्याच्यापुढे मांडण्याआधी आपल्या विहिरीचा हौद मांडा. खताच्या पोत्याचा भाव, दुधाची फॅट, मोटरीचे फेरे त्यालाच काढू द्या. चुकला तर रागावू नका, पुन्हा मांडायला सांगा. मोटरीच्या पाटीवरचे शब्द वहीत उतरवून त्यांचे अर्थ मास्तरांना विचारायला लावा. महिन्याभरात वही भरेल आणि पोराची भीती ओसरेल.