आषाढ आणि आखाड

दरवर्षी आषाढ शुद्ध प्रतिपदेला महाविद्यालयांतून कालिदासदिन साजरा होतो. फलकावर रंगीत खडूंनी मेघ आणि यक्ष काढले जातात, संस्कृतचे किंवा मराठीचे प्राध्यापक मेघदूतावर बोलतात, विद्यार्थी पावसाच्या कविता वाचतात, मग चहा. ह्या कार्यक्रमाला माझा विरोध नाही. त्यात मी स्वतः अनेक वर्षे भाषणे केली आहेत. माझे भांडण आहे ते त्या एका दिवसाच्या आडोशाने आपण, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांनी, महिन्याचे जे करून ठेवले आहे त्याच्याशी.

आधी त्या दिवसाविषयीच. मेघदूताच्या दुसऱ्या श्लोकातला ज्या शब्दावर हा सगळा उत्सव उभा आहे तो शब्दच वादग्रस्त आहे. मल्लिनाथाच्या पाठात आषाढाचा ‘प्रथम’ दिवस आहे. त्याच्याहून काही शतके जुना काश्मिरी टीकाकार वल्लभदेव ‘प्रशम’ दिवस, म्हणजे महिना संपण्याचा दिवस, असा पाठ देतो. मल्लिनाथाला हा पाठ ठाऊक होता आणि त्याने तो नाकारला. एका अक्षराचा हा वाद कोरडा नाही. पुढे श्रावण जवळ आल्याचा उल्लेख येतो, आणि उत्तरमेघात यक्ष सांगतो की विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा माझा शाप संपेल, चार महिने उरले आहेत. विष्णू उठतो कार्तिक शुद्ध एकादशीला. आपल्या अमान्त पंचांगाने आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून मोजले तर चार महिने आणि वर दहा दिवस होतात. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पंचांगात आषाढ ज्येष्ठी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. तिथे ‘प्रथम’ धरला तर जवळजवळ पाच महिने होतात, आणि ‘प्रशम’ धरला, म्हणजे आषाढी पौर्णिमा धरली, तर चार महिन्यांना चारच दिवस कमी पडतात आणि श्रावणही दुसऱ्याच दिवशी येऊन ठेपतो. कोणता पाठ खरा हे मी ठरवीत नाही. पण इतके रसाळ कोडे समोर असताना आपण विद्यार्थ्यांना फलकावरचा ढग दाखवून घरी पाठवतो. (उज्जैनकर ह्या बाबतीत शहाणे. त्यांचा कालिदास समारोह १९५८पासून कार्तिकी एकादशीच्या सुमारास, म्हणजे शाप संपण्याच्या तिथीला धरून, होत आला आहे.)

ह्या हिशेबातून जे निघते ते मराठी माणसाला तर लगेच ओळखू यायला हवे. विष्णू निजतो ती आषाढी एकादशी, उठतो ती कार्तिकी. यक्षाचा विरह ज्या चातुर्मासात मोजला जातो त्याच्याच दोन टोकांना वारकऱ्यांच्या दोन मोठ्या वाऱ्या आहेत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शान्ता शेळके यांच्यापर्यंत मेघदूताची मराठी रूपांतरे झाली. त्यांवर निबंध झाले, तुलना झाल्या. पण मेघदूत आणि वारी एकाच पंचांगात राहतात हे वाक्य मी आमच्या कुठल्याही कालिदासदिनी ऐकलेले नाही. वारी संतसाहित्याच्या पेपरात, मेघदूत संस्कृतच्या. मध्ये भिंत.

आणि त्या भिंतीच्याही बाहेर, पार उकिरड्याजवळ, आखाड.

आखाड म्हणजे आषाढच. ष चा ख होणे मराठीला जुनेच. विष-विख, हर्ष-हरिख ही त्याच घरची मंडळी. भाषाशास्त्राच्या तासाला आपण हे फळ्यावर लिहितो, आणि उत्तरपत्रिकेत ‘आखाड’ दिसला की लाल शाई उचलतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने कालिदासदिनी वाचण्यासाठी निबंध आणला होता. त्यात आखाडातल्या लक्ष्मीआईच्या जत्रेत कापलेले कोंबडे होते, पोतराजाचा आसूड होता, तळणीतून निघणाऱ्या कापण्या होत्या, नव्या सुनेला महिनाभर माहेरी धाडायची चाल होती. समितीने निबंध परत केला: विषयाला धरून नाही. समितीत मीही होतो. ह्या मजकुरातली लाज आजही माझीच आहे.

विषय कोणता होता? ‘आषाढ’.

आखाडाला स्वतःचा अर्थ आहे, स्वतःची प्रतीके आहेत, आणि ती मेघाइतकीच पावसातून आली आहेत. पाणी गढूळ होते, पटकी येते, मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ढकलला जातो. हीही ढगाखालचीच गोष्ट आहे, फक्त तिच्यातला निरोप प्रेयसीला नसून शेजारच्या गावाला आहे, आणि तो भयाचा आहे. दक्षिण महाराष्ट्रात ह्याच महिन्यात बेंदूर येतो. अखेरीला दिव्याची अवस: घासलेले दिवे, कणकेचे उकडलेले दिवे. त्याच अवसेला दुसरे नाव गटारी, आणि ह्या नावाने सुसंस्कृतांची जी तारांबळ उडते ती पाहण्याजोगी आहे. आता म्हणे तो शब्द मुळात ‘गतहारी’. ह्या व्युत्पत्तीला कोणी जुना दाखला दिलेला मी पाहिलेला नाही. संस्कृताचे सोवळे नेसवले की मटण पवित्र होते, एवढाच तिच्यामागचा व्याकरणविचार दिसतो.

कोणी म्हणेल, हा लोकजीवनाचा भाबडा गौरव झाला. नाही. पोतराजाच्या पाठीवरचा आसूड खरा आहे आणि तो कोणत्या जातींच्या वाट्याला आला हेही सर्वांना माहीत आहे. १९५६च्या धर्मांतरानंतर ज्यांनी मरीआईला पाठ दाखवली त्यांच्याकडे सबळ कारणे होती. पण सोडून देण्याचा हक्क ज्यांनी ते भोगले त्यांचा. आपण ते भोगलेही नाही आणि वाचलेही नाही. केवळ अभ्यासक्रमाबाहेर ठेवले. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गा भागवतांनीच ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ही लिहिली. आपण पहिले पुस्तक ललित म्हणून मिरवले, दुसरे ऐच्छिक पेपराच्या संदर्भयादीत टाकले. बाईंना असे दोन तुकडे करण्याची गरज भासली नव्हती.

मोहन राकेश यांनी १९५८ साली नाटक लिहिले तेव्हा शीर्षकातून ‘पहिला’ काढून आषाढातला ‘एक’ दिवस ठेवला, आणि त्या दिवशी कालिदासाला नव्हे, मागे राहिलेल्या मल्लिकेला भिजवले. कवीच्या कीर्तीची किंमत कोणी मोजली असे विचारण्याचे धैर्य त्या एका बदलात आहे. आपण मात्र तिथीला घट्ट धरून बसलो आहोत.

मराठीत ‘आखाडसासरा’ असा एक शब्द आहे: नाते नसताना सासऱ्याचा अधिकार गाजवणारा. ज्या महिन्याशी आपले नाते एका दिवसापुरते आहे त्याच्या शब्दांवर लाल शाई चालवणाऱ्या आम्हा मंडळींना तो चपखल बसतो. ती विद्यार्थिनी आता एका तालुक्याच्या गावी मराठीच शिकवते. यंदाच्या प्रतिपदेला तिला पाहुणी म्हणून बोलवावे असे मी विभागाच्या बैठकीत सुचवले. विषय विचारला गेला. मी म्हटले, ‘आखाड’. इतिवृत्तात तो ‘आषाढ’ असा नोंदवला गेला आहे.