किंचाळणारी मारुती

दोस्तांनो, तुमच्या घरी किंवा मामाकडे जुनी मारुती ८०० आहे? १९८३ मध्ये आलेली ही गाडी २०१४ मध्ये बनायची थांबली. पण छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीबोळांत ती अजून दिसते, आणि कधीकधी ऐकूही येते!

सकाळी चावी फिरवली की 'चीं ऽऽ'! हा फॅन बेल्ट. सैल झाला किंवा घासून गुळगुळीत झाला, की पुलीवरून घसरतो नि ओरडतो. दिवे लावल्यावर आवाज वाढला, तर संशय पक्का. कारण अल्टरनेटर ओढायला आता जास्त जोर लागतो. (इंजिन चालू असताना बोट तिकडे न्यायचं नाही हं!) हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला, तर मे महिन्यात दौलताबादचा घाट चढताना इंजिन तापणार आणि वेरूळची सहल रस्त्याकडेच्या झाडाखाली!

ग्रीसची गंमत वेगळी. मारुतीची पुढची चाकं गाडी ओढतात आणि वळतातही. म्हणून त्यांच्या आसाला सांधा असतो, त्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट आणि आत ग्रीस. रबर चिरलं, की काळं, चिकट ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं. इंजिनखाली पातळ, काळे थेंब पडले असतील, तर ते बहुधा ऑइल. त्यात बूट बिचारा निर्दोष!

नुसता बूट बदलणं स्वस्त. पण चिरेतून आपली मराठवाडी धूळ शिरली, की सांधा झिजतो, वळताना 'कट्‌कट्‌' वाजतो आणि मग अख्खा सांधाच बदलावा लागतो. रविवारी बाबांना स्टीअरिंग पूर्ण वळवून, हँडब्रेक लावून गाडी बंद करायला सांगा. मग बाजूला बसून बॅटरीच्या उजेडात चाकामागे डोकवा. घड्यांमध्ये चीर दिसते?